विकलेल्या चारशे शेअरचा हिशोब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत 'दहा हजारांचे हजार कोटी' हा लेख वाचला. १९८० साली कोणी विप्रोचे शंभर रुपये दर्शनी किमतीचे शंभर शेअर घेऊन ठेवले असते, तर आज त्याची किती संपत्ती झाली असती, याचं गणित त्यात दिलं आहे. विप्रो मूळची अमळनेरची, म्हणून लेख अमळनेरबद्दल आहे आणि मी अमळनेरची आहे. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त होऊन धुळ्याला राहते. लेखातलं एक वाक्य वाचून मी पेपर खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उचलला नाही. ते वाक्य असं: 'काही करंट्यांनी मात्र हे शेअर किरकोळ कारणांसाठी विकून टाकले.' माझ्या वडिलांनी विकले होते. कारण काय होतं ते या पत्रात लिहिते. ते किरकोळ होतं का, हे आपण आणि आपल्या वाचकांनी ठरवावं.

आधी गणिताबद्दल, कारण ते बरोबर आहे आणि बरोबर असलेल्याला बरोबर म्हणायला हवं. मी वहीत मांडून पाहिलं. १९८० चे १०० शेअर. १९८१ ला एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या एका शेअरवर एक फुकट, झाले २००. १९८५ ला पुन्हा एकास एक, ४००. १९८६ ला शंभराच्या शेअरचे दहा-दहा रुपयांचे तुकडे केले, ४ हजार. १९८७ ला ८ हजार, १९८९ ला १६ हजार, १९९२ ला ३२ हजार, १९९५ ला ६४ हजार. १९९७ ला एकास दोन बोनस मिळाला, म्हणजे तिप्पट, १ लाख ९२ हजार. १९९९ ला दहाच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच झाले, ९ लाख ६० हजार. २००४ ला परत तिप्पट, २८ लाख ८० हजार. २००५ ला दुप्पट, २०१० ला तीन शेअरवर दोन, मग झाले ९६ लाख. २०१७ ला दुप्पट, २०१९ ला तीनावर एक, २०२४ ला परत दुप्पट. शेवटचा आकडा ५ कोटी १२ लाख शेअर. एका शेअरला अडीचशे रुपये धरले तर १,२८० कोटी. मुलांना गुणाकारानं होणारी वाढ शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला कधी सापडलं नाही आणि मी ते वर्गात वापरलंही आहे.

पण त्या १०० शेअरच्या जागी १९८० साली अमळनेरात खरोखर काय होतं, हे लेखात कुठेच नाही. लेख याला 'तंत्रज्ञानातली गुंतवणूक' म्हणतो. आम्हाला तंत्रज्ञान कुठे दिसत होतं? २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी जी कंपनी काढली, तिचं नावच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. अमळनेरला कारखाना, कारण खानदेशात शेंगदाणा पिकायचा. सनफ्लॉवर नावाचं वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण, ही कंपनीची ओळख. आमच्याकडे तिला 'तेल कंपनी' म्हणत. वारा त्या बाजूनं आला की शेंगतेलाचा गरम वास थेट वर्गात यायचा. घरी ७८७ ची लांब वडी यायची, आई ती दोऱ्यानं कापून तुकडे उन्हात वाळवायची, म्हणजे साबण कमी झिजतो. वनस्पतीचा डबा रिकामा झाला की त्यात डाळ भरायची. पुढे बोरी नदीला पूर आला तेव्हा स्वयंपाकघरात त्या डब्यांनीच आमची डाळ कोरडी ठेवली, हे मला अजून आठवतं.

१९६६ साली प्रेमजी शेठ गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. १९७७ मध्ये कंपनीचं नाव विप्रो प्रॉडक्ट्स झालं. त्याच सुमारास आयबीएम ही अमेरिकन संगणक कंपनी भारतातून बाहेर पडली आणि तिच्या मोकळ्या झालेल्या जागी शिरायचं तेल-साबणाच्या या कंपनीनं ठरवलं. हे आज आपल्याला ओळीनं माहीत आहे. १९८० साली ज्याच्या हातात कागद होता, तो तेल आणि साबणाचा कागद होता. त्या माणसानं संगणकावर विश्वास ठेवला असं आज म्हणणं म्हणजे नंतर जे झालं ते त्याच्या डोक्यात आधीच होतं असं धरणं आहे. माझ्या माहितीतल्या एकाही भागधारकानं त्या काळात संगणक डोळ्यानं पाहिला नव्हता.

आता वडिलांबद्दल. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ते अडत दुकानात दिवाणजी होते. सकाळी आठला गादीवर बसायचे, हंगामात रात्री दहाला घरी. शेंगदाण्याच्या गाड्या, मापाड्याची चिठ्ठी, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, सगळं त्यांच्या अक्षरात. महिन्याचे हातात साडेचारशे रुपये यायचे. १९७८ च्या दिवाळीला दुकानाच्या शेटजींनी त्यांना रोख बक्षिसाऐवजी कंपनीचे दहा शेअर नावावर करून दिले. 'दिवाणजी, हे मोडू नका,' एवढंच ते म्हणाले होते. आप्पांनी ते कागद मेणकापडात गुंडाळून ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूखाली ठेवले. वर्षातून एकदा लाभांशाचं वॉरंट पोस्टानं यायचं. बँकेत भरायला मीच जायचे.

लेखातले दहा हजार किती मोठे होते तेही सांगते, कारण आपले तरुण वाचक त्याला आजच्या दहा हजारांसारखे समजतील. आप्पांचा बावीस महिन्यांचा सगळा पगार, घरात धान्याचा एक दाणाही न आणता साठवला असता, तर दहा हजार झाले असते. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला तेरा-चौदाशेच्या घरात होतं. ज्या घरात एकदम दहा हजार बाजूला टाकता येत होते, त्या घराला आधीच पैशाची चणचण नव्हती. हे त्या गणितात पहिल्या ओळीच्याही आधी लिहायला हवं.

१९८१ च्या बोनसनंतर दहाचे वीस झाले. १९८३ साली मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं. त्याच वर्षी मला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. आप्पांनी पंधरा शेअर जळगावच्या एका दलालाकडे विकले. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदावर, ट्रान्सफर डीडवर, सही करताना त्यांचा हात थांबला होता, हे मी पाहिलं आहे. कारण त्यांची सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळली नाही तर कागद परत येतील, अशी दलालानं भीती घातली होती. त्यांनी आधी जुन्या वहीच्या मागच्या पानावर आठ वेळा सही गिरवून पाहिली, मग डीडवर केली. बहिणीचं लग्न झालं, माझं बी.एड. झालं. मी पस्तीस वर्षं नोकरी केली, निवृत्तिवेतन घेते, ते त्या पंधरातल्या काही शेअरचंच फळ आहे. लेखाच्या हिशोबात त्या पंधरांची किंमत ९६ कोटी होते. माझी नोकरी त्या हिशोबात शून्य धरली आहे.

उरले पाच. १९८५ ला त्यांचे दहा झाले, १९८६ ला तुकडे पडून शंभर, १९८७ ला दोनशे, १९८९ ला चारशे. आणि १९८९ च्या पावसाळ्यात आईला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग पाण्याची घागर उचलताना, दिवाळीपर्यंत नुसतं आडवं पडलं तरी. ती भिंतीला टेकून बसून रात्र काढायची. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलावी लागेल, मुंबईला न्या, उन्हाळ्याची वाट पाहू नका.

जानेवारी १९९० मध्ये आप्पांनी चारशेच्या चारशे विकले. शेटजींनी बोलावून घेतलं. 'दिवाणजी, निम्मे तरी ठेवा, मी उसने देतो,' म्हणाले. शेटजींचं मन मोठं होतं, त्यांच्याबद्दल आमच्या घरात आजही आदरानं बोललं जातं. पण आप्पांना उसने घ्यायचे नव्हते, कारण चौपन्नाव्या वर्षी साडेचारशेचे अकराशे झालेल्या पगारातून ते कधी फिटणार हे त्यांना वहीत दिसत होतं. घरी येऊन ते मला अहिराणीत म्हणाले, 'कागद काय कामना? माणूस जगाले पाहिजे.' घरात एरवी ते आमच्याशी अहिराणी बोलत नसत.

आईला धातूची झडप बसवली. महिन्याभरानं आम्ही तिला घरी आणलं. तेव्हापासून रात्री घर शांत झालं, की तिच्या शेजारी झोपणाऱ्याला टिक टिक असा बारीक आवाज ऐकू यायचा. मनगटी घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखा. पहिल्या काही रात्री मला त्या आवाजानं झोप यायची नाही. नंतर तो ऐकू आला नाही तर झोप यायची नाही. माझी दोन्ही मुलं तिच्या छातीला कान लावून मोठी झाली. धाकटी विचारायची, आजीच्या पोटात घड्याळ कोणी ठेवलं? रक्त पातळ राहायची गोळी रोज, दर महिन्याला रक्ताची तपासणी, पालेभाजी बेतानं. हे तिनं एकोणीस वर्षं न चुकता केलं. २००९ मध्ये ती गेली. एकोणीस वर्षं.

त्या चारशे शेअरचे आज १२ लाख ८० हजार झाले असते. ३२ कोटी रुपये. हा आकडा मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. काढून ठेवला होता, कारण आकडे काढल्याशिवाय मला राहवत नाही.

पण आमच्या घरात हे गणित माझ्याही आधी दुसऱ्या कोणी तरी मांडलं होतं, आणि ते मोठ्यानं. आप्पा १९९६ ला गेले. १९९९ च्या शेवटी आणि २००० च्या सुरुवातीला विप्रोचा भाव रोज टीव्हीवर यायला लागला. अमळनेरचे करोडपती म्हणून बातम्या यायला लागल्या. फेब्रुवारी २००० मध्ये दोन रुपये दर्शनी किमतीचा शेअर नऊ हजारांच्या वर गेला. धाकटा भाऊ संध्याकाळच्या बातम्या पाहताना म्हणाला, 'आप्पांनी तेव्हा विकले नसते ना, तर आज आपण...' आणि थांबला. आई मागे मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. निवडलेली मेथी परत जुडीत मिसळली आणि पुन्हा निवडायला घेतली. भावाला काय बोलून गेलो ते कळलं. तो उठून बाहेर गेला. त्यानंतर आईसमोर ते वाक्य कोणी उच्चारलं नाही. पण तिनं ते ऐकलं होतं. संपादक महोदय, 'विकले नसते तर' हे आपण पुरवणीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापता, तेव्हा ते ज्या घरांत वाचलं जातं, त्यांतल्या काही घरांत ज्याच्यासाठी विकले तो माणूस समोर बसलेला असतो.

भावाचं पुढचं सांगणं गरजेचं आहे, कारण 'घेऊन ठेवा, धीर धरा' हा लेखाचा जो उपदेश आहे, तो त्यानं अक्षरशः पाळला. त्याच महिन्यात त्यानं नोकरीच्या ठिकाणच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि विप्रोचे वीस शेअर घेतले, दलाली धरून १ लाख ८५ हजारांना. आप्पांची चूक दुरुस्त करतोय, असं त्याला मनापासून वाटत होतं. दीड वर्षात भाव हजाराच्या आसपास आला. त्यानं विकले नाहीत. कर्जाचे हप्ते पाच वर्षं पगारातून कापून गेले, त्यानं विकले नाहीत. आजपर्यंत त्यातला एकही शेअर त्यानं विकलेला नाही.

आता त्याचा हिशोब करू. २० चे २००४ ला ६०, २००५ ला १२०, २०१० ला २००, २०१७ ला ४००, २०१९ ला ५३३, २०२४ ला १,०६६. अडीचशे रुपयांनी २ लाख ६६ हजार. पंचवीस वर्षांत १ लाख ८५ हजारांचे २ लाख ६६ हजार. मधल्या काळात मिळालेला लाभांश, आणि २०१३ साली कंपनीनं साबण-तेलासारखे धंदे वेगळे काढले तेव्हा हातात आलेली रक्कम धरली, तरी फार फरक पडत नाही. हेच पैसे सात टक्क्यांनी बँकेत चक्रवाढीनं राहिले असते तर दहा लाख झाले असते. त्यात पतसंस्थेचं व्याज मी धरलेलंच नाही.

कंपनी तीच, बोनस तेच. धीर तर भावानं लेखातल्या नायकापेक्षा जास्त धरला, कारण त्याला रोज तोटा दिसत होता. फरक एकच, तो २००० साली आला. आपल्या लेखात १९८० ची एकच सुरुवात आहे. २००० ची सुरुवात धरून तोच तक्ता छापला तर अर्ध्या पानात मावेल, तो का छापला नाही? ज्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला या कंपनीचं नाव माहीत झालं, त्याच दिवसांत सर्वांत जास्त साध्या माणसांनी ते शेअर घेतले. १९८० साली घेणारे गावातले मोजके होते.

लेखात इन्फोसिसचंही उदाहरण आहे. १९९३ साली ९५ रुपयांना मिळालेल्या १०० शेअरचे आज १ लाख २ हजार ४०० झाले, हे खरं. एकास दहा वेळा दुपटीनं वाढवत नेलं की १,०२४ येतात, गणिताच्या शिक्षकाला हा आकडा लगेच ओळखू येतो. पण १९८१ साली पुण्यात नोंदणी झालेल्या या कंपनीचा तो इश्यू, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर देऊ केले ती विक्री, पुरता भरला नव्हता, हेही लिहायला हवं होतं. मॉर्गन स्टॅन्ली या परदेशी संस्थेनं तेव्हा १३ टक्के भाग इश्यूच्याच भावानं उचलला. ज्यांचा व्यवसायच शेअर पारखण्याचा, अशा देशातल्या कितीतरी जाणकारांनी त्या अर्जाकडे पाठ फिरवली होती. मग अडत दुकानातल्या दिवाणजीला करंटा कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आणि त्याच काळात नाव गाजलेल्या बाकीच्या कंपन्या? २००० साली सिल्व्हरलाइन, पेंटामीडिया, डीएसक्यू सॉफ्टवेअर ही नावं लोकांच्या तोंडी विप्रोइतकीच होती. माझ्या सहकारी शिक्षकांपैकी दोघांनी त्यांत भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घातले आणि त्यातलं जवळजवळ काहीच परत आलं नाही. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी खोट्या हिशोबाची कबुली दिली आणि एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. 'यात दहा हजार टाकले असते तर' असा तक्ता या कंपन्यांचा कोणी काढत नाही. वर्गातल्या पहिल्या आलेल्या एका मुलाची गुणपत्रिका दाखवून शाळेचा निकाल सांगितला तर आम्हाला शिक्षणाधिकारी धारेवर धरतील.

अमळनेरात ज्यांनी खरंच ठेवले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यातली काही घरं मी जवळून ओळखते. शेटजींच्या घरात शेअर टिकले, कारण अडत चालू होती, शेती होती, घरातलं आजारपण गल्ल्यातल्या पैशात निभावत होतं. एका घरात ते टिकले कारण आजोबा गेल्यावर कागद कुठे आहेत हेच कोणाला माहीत नव्हतं, घराची फरशी बदलताना सापडले. काहींनी आपल्या पैशातून गावात शाळेच्या खोल्या बांधल्या, मुलांची शिक्षणं केली. त्यांना शहाणे म्हणा, भाग्यवान म्हणा, जरूर म्हणा. पण त्यांना शहाणं ठरवण्यासाठी उरलेल्यांना करंटं ठरवायची गरज नाही.

या लेखांचा परिणाम कुठे होतो तेही मी पाहते आहे. माझ्याकडे अजून आठ-दहा मुलं गणिताला येतात, बारावी झालेली, डिप्लोमा करणारी. त्यांच्या मोबाईलवर हेच तक्ते फिरत असतात. त्यातल्या एकानं मला विचारलं, 'बाई, पुढची विप्रो कोणती?' त्याच्या वडिलांचं कापसाचं पाच एकर कोरडवाहू रान आहे. पंचेचाळीस वर्षं थांबायची त्याची तयारी नाही आणि परिस्थितीही नाही, म्हणून तो ऑप्शनच्या सौद्यांकडे, म्हणजे थोड्या दिवसांत भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावण्याकडे, वळला आणि वडिलांनी खतासाठी ठेवलेले चाळीस हजार तीन आठवड्यांत गेले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात म्हटलं आहे की तीन वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. हा आकडा आपल्या पुरवणीत त्या तक्त्याच्या शेजारी आला असता, तर त्या मुलानं तो वाचला असता. तो आपला पेपर वाचतो, आमच्या वाचनालयात येऊन.

माझ्या मागण्या फार नाहीत. 'करंटे' हा शब्द आपण मागे घ्यावा. पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा फेब्रुवारी २००० मध्ये घेणाऱ्याचाही तक्ता त्याच आकाराच्या अक्षरात छापावा. आणि खानदेशातल्या वाचकांच्या खरंच उपयोगी पडेल अशी एक माहिती द्यावी. अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव या बाजूला अजून कितीतरी घरांत मेणकापडात गुंडाळलेले जुने शेअरचे कागद असतील. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी ते डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात जमा, करून घ्यावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश उचलला गेला नाही तर लाभांशाबरोबर ते शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जमा होतात. पण ते बुडत नाहीत. वारसाला ते मागता येतात, त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज आहे आणि दावा करायला मुदतीची अट नाही. माझ्या मैत्रिणीच्या विधवा सासूबाईंचे कागद असे दीड वर्ष खेटे घालून सोडवले. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, सहीची बँकेकडून खातरजमा, प्रत्येक पायरीला कोणी तरी समजावून सांगणारं लागतं. ही प्रक्रिया सोप्या मराठीत, पायरी-पायरीनं आपण छापली तर ट्रंकेतल्या कागदांचे खरोखर पैसे होतील. मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको.

पत्रासोबत आप्पांच्या १९९० च्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स जोडली आहे. दिवाणजींची वही आहे, अक्षर स्वच्छ लागतं. डाव्या बाजूला जमा: 'वि. शेअर ४००'. उजव्या बाजूला नावे: दवाखाना, झडप १, रक्ताच्या बाटल्या ३, धर्मशाळा २६ दिवस, औषधं, शहाळी. जाताना आम्ही तिघं गेलो होतो, आप्पा, आई आणि मी. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी त्यांना विचारलं होतं की परतीचं आरक्षण आत्ताच करून ठेवू का, तेव्हा ते काही बोलले नव्हते. पानावरची शेवटची नोंद आहे, 'परतीची तिकिटे ३'. जागेअभावी पान लहान करावं लागलं तर वरचा भाग कापावा, ही ओळ राहू द्यावी.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
मूळ अमळनेर, सध्या धुळे